तेवीस झाडांची आंघोळ

महाळुंगे पडवळमध्ये गेल्या पस्तीस वर्षांत जी पोरं जन्मली, त्यांतली निम्म्याहून अधिक बयाबाईच्या पायांवर रडून मोठी झाली आहेत. बाळंतिणीच्या घरून निरोप आला की बयाबाई हातातलं काम टाकून निघायची. न्हाणीत पाट मांडून त्यावर बसायची, पाय लांब सोडायची आणि पोराला नडग्यांवर पालथं घ्यायची. डाळीचं पीठ, हळद, दुधावरची साय, आणि शेवटी अंगावरची लव काढायला कणकेचा गोळा. पण तिचा खरा हातखंडा होता पहिल्या आंघोळीचा. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या अंगावर मेणासारखा पांढरा चिकट थर असतो, त्याला ती पोटातला मळ म्हणायची. काखेतून, जांघेतून, कानामागून तो ती असा निपटून काढायची की कणभर मागे राहायचा नाही. बयाबाईनं धुतलेलं पोर उजेडात धरलं तर चकाकतं, असं बाया म्हणायच्या. त्या म्हणायला विसरल्याच, तर बयाबाई स्वतः म्हणायची.

अशा बाईच्या घरात पहिलं नातवंड येऊ घातलं होतं.

खरं तर सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची. पण समृद्धीची आई ती अकरावीत असतानाच गेलेली. शिनोलीला घरात वडील आणि भाऊ, दोघंही चहा केला तरी पातेलं जाळणारे. तेव्हा बयाबाईनंच व्याह्यांना फोन करून सांगून टाकलं, "पावणं, पोरीची काळजी करू नका. तिची आई न्हाई, तर मी हाय." हे ती मनापासून बोलली होती. आता आई म्हटल्यावर पोराची पहिली आंघोळही आपलीच, हेही तिनं त्याच दमात मनात धरलं, इतकंच. जुन्या धोतराची मऊ फडकी कापून, उकळून, वाळवून ठेवली. हळकुंडं घरच्या जात्यावर दळली. गावभरच्या पोरांना न्हाऊ घातलं, आता आपल्या रक्ताचं पोर या नडग्यांवर येणार, या विचारानं तिला कधीकधी नडग्यांना गुदगुल्या झाल्यासारखं वाटायचं.

आणि आठव्या महिन्यात समृद्धी मंचरच्या दवाखान्यातून तपासणी करून आली, ती भलतंच घेऊन आली.

"आत्या, सिस्टर म्हणल्या, बाळाला जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची नाही," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "अंगावरचं पांढरं पुसायचं पण नाही. ते आईच्या पोटातूनच येतं म्हणे, बाळाला जपायला. थंडी बाधत नाही, कातडी सुकत नाही. आपोआप जिरतं अंगात."

"बरं," बयाबाई म्हणाली.

बयाबाईचं 'बरं' ज्यांना ठाऊक आहे, ते त्यानंतर दोन दिवस तिच्या वाटेला जात नाहीत. त्या संध्याकाळी मेथीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं आणि कोणी चकार शब्द काढला नाही. मनातून ती चांगलीच दुखावली होती. पांढरं राहू द्यायचं असेल, तर मग आपण पस्तीस वर्षं काय केलं? लोकांच्या पोरांची जपणूक खरवडून काढली? आणि हे आपल्याला सांगणार कोण, तर कालची सिस्टर, जिला कदाचित आपणच न्हाऊ घातलं असेल!

घराच्या चारी बाजूंनी सीताफळाची बाग होती. नवरा भगवंत होता तेव्हा त्यानं लावलेली, दीडशे झाडं. या वर्षी बागेत पिठ्या ढेकूण शिरला होता. फळाच्या डोळ्याडोळ्यांमध्ये पिठूळ पांढरे किडे बसायचे, रस शोषायचे, चिकट पाणी सोडायचे, आणि मग त्या फळावर काळी बुरशी धरायची. दरवर्षी मुलगा सुदर्शन पंप पाठीला लावून औषध मारायचा. त्या औषधाचा वास मग चार-चार दिवस घरात, अंथरुणात, पाण्याच्या माठापर्यंत रेंगाळायचा. पण यंदा बायको पोटुशी, म्हणून त्यानं पंप पत्र्यावर टाकून दिला आणि रोहिणीला बोलावलं.

रोहिणी मित्रकीटक वाढवणाऱ्या एका केंद्रात कामाला होती. तिची आई सुंदरा. एके काळी सुंदराच्या घरच्या मेंढ्या दरवर्षी बयाबाईच्या रानात बसायला यायच्या. मेंढ्या रात्री रानात बसल्या की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरीच त्यांना आमंत्रण द्यायचे. रोहिणी जन्मली तीही याच रानात, मेंढ्यांच्या कळपाशेजारी, पालात. आता मेंढ्या गेल्या, सुंदराच्या घरीही शेती आली, आणि पोरगी शिकून स्कुटीवरून डबे घेऊन फिरत होती.

त्या डब्यांत तांदळाच्या दाण्याएवढे काळसर भुंगेरे होते, डोकं तांबूस. ते पिठ्या ढेकूण खातात, असं रोहिणीनं सांगितलं. पुढंही ती बरंच सांगत होती, पण बयाबाई चहाला आधण ठेवत होती आणि सिस्टरच्या रागात होती. तेव्हा तिनं ऐकलं ते एवढंच, की काळे भुंगेरे चांगले आणि पांढरे किडे वाईट. भुंगेरे झाडांवर सोडून रोहिणी गेली, आणि सुदर्शननं हिशोब स्पष्ट केला.

"आई, दसऱ्याच्या आत ढेकूण हटला तर ठीक. न्हाई तर फवारावंच लागंल. मग समृद्धीला शिनोलीला पाठवू दीड-दोन महिने. या वासात तिला ठिवायची न्हाई."

दीड-दोन महिने म्हणजे बाळंतपण तिकडंच. बयाबाईनं त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाडं बघायला सुरुवात केली. सून शिनोलीला गेली तर पहिली काय आणि दुसरी काय, एकही आंघोळ तिच्या वाट्याला येणार नव्हती.

तीन आठवडे गेले. एका मंगळवारी सुदर्शन आणि समृद्धी सकाळीच मंचरला गेले, आणि बयाबाई विहिरीकडच्या झाडांपाशी गेली. भुंगेरे दोन-चार दिसत होते, पण पांढरे किडे! आधीच्यापेक्षा मोठे, अंगभर कापसाच्या लांब लांब वाती लोंबत असलेले, आणि लेकाचे खुशाल चालत होते. आधीचे ढेकूण जागचे हलायचे नाहीत, हे पानावरून फळावर, फळावरून फांदीवर फिरायला निघालेले.

"खाऊन खाऊन माजलेत मेले," बयाबाई म्हणाली. "आणि भुंगेरं काय करत्यात? झोपा काढत्यात?"

तिनं पदर खोचला. रिठे कुटून बादलीभर पाण्यात फेस केला, मऊ फडकं आणि सुदर्शनचा जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि पहिल्या झाडापाशी बसली. हे काम तिला नवं नव्हतं. फळ डाव्या तळहातावर असं घ्यायचं की डोकं कलायला नको. फडकं आधी वरून, मग डोळ्यांच्या खाचांतून. देठाच्या बेचक्यात काखेसारखं बोट घालायचं. पानाची मागची बाजू कानामागं पुसावी तशी. पांढरं निघत होतं, खालून हिरवंगार फळ दिसत होतं, आणि बयाबाईचा इतक्या दिवसांचा राग त्या बादलीत उतरत होता. न पुसता राहू द्या म्हणे! या, बघा म्हणावं, पुसल्यावर कसं दिसतं ते.

दुपारची भाकरी तिनं झाडाखालीच खाल्ली. ऊन कलेपर्यंत तेवीस झाडं झाली. तेविसाव्या झाडाखाली उभी राहून तिनं मागं नजर टाकली, तेव्हा कंबर मोडली होती पण जीव सुखावला होता. एवढ्यात बांधावर स्कुटी वाजली. रोहिणी भुंगेऱ्यांची पाहणी करायला आली होती.

"मावशी, हे काय?" बादलीकडं बघत तिनं विचारलं.

"न्हाऊ घातलं," बयाबाई ऐटीत म्हणाली. "तुझी भुंगेरं आळशी निघाली बाई. ती लांब केसाची जात आली व्हती बघ ढेकणाची, पळणारी. एक ठेवला न्हाई."

रोहिणीचा चेहरा उतरला. ती धुतलेल्या ओळीतून चालत गेली, एकेक पान उलटत. मग एका फांदीशी थांबली आणि तिनं बयाबाईला जवळ बोलावलं. फांदीवर एक किडा राहिला होता. ब्रश ओझरता लागून त्याच्या अंगावरचा कापूस अर्धा निघाला होता. रोहिणीनं खिशातलं भिंग बयाबाईच्या हातात दिलं.

"नीट बघा. खाली काय हाय?"

कापसाखाली राखाडी अंग होतं, सहा बारीक पाय, आणि तो किडा एका खऱ्या, लहान पिठ्या ढेकणाला तोंडात धरून खात होता.

"आत्ता गं! ह्यो तर ढेकूणच खातोय."

"भुंगेऱ्याचं पोर हाय ते, मावशी. भुंगेऱ्याची पोरं अशीच असत्यात, पांढऱ्या लोकरीतली. मी सांगितलं व्हतं त्या दिवशी, तुमी चहा करत व्हता."

बयाबाईनं भिंग तसंच डोळ्याला धरून ठेवलं, कारण खाली घेतलं असतं तर रोहिणीकडं बघावं लागलं असतं.

रोहिणी रागावली नाही. ती झाडाखाली मातीत बसली आणि काडीनं दाखवत सांगू लागली. ढेकणाची मादी आपल्या अंगातल्या मेणाची कापसासारखी पिशवी करते आणि त्यात अंडी घालते. पाऊस आत जात नाही, ऊन लागत नाही, औषधसुद्धा वरून ओघळून जातं. अंडी घालून झाली की ती तिथंच सुकून मरते. पोरं डोळे उघडतात तेव्हा आई नसते, आईनं केलेलं पांघरूण तेवढं असतं.

"आन् आपली भुंगेरीण लई हुशार," रोहिणी म्हणाली. "ती आपलं अंडं ढेकणाच्या त्याच पिशवीत नेऊन ठिवती. दुसरीनं इणलेल्या पांघरुणात आपलं लेकरू. ते बाहेर आलं की त्याच्या अंगावर बी तसंच मेण चढतं. मग मुंगळे त्याला चावाया गेले की तोंडात नुसता कापूस येतो."

"आन् कापूस काढला तर?"

रोहिणीनं हातातली काडी पुढं केली. खोडाच्या बुंध्याशी मुंगळ्यांची रांग लागली होती, आणि दोन मुंगळे मिळून काहीतरी राखाडी, उघडं, अजून हलणारं ओढत नेत होते.

बयाबाईनं धुतलेल्या ओळींकडं बघितलं. तेवीस झाडं! एकेका झाडावर किती असतील? तिच्या डोळ्यांसमोर ते किडे नव्हतेच. गावातली पोरं होती, पावसाळ्यात जन्मलेली, थंडीत जन्मलेली, तिच्या पायांवर लाल होईतो घासलेली, आणि ती कशी चकाकतात म्हणून हौसेनं उजेडात धरलेली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

"रोहिणे, मग मी जन्मभर काय केलं गं? तुलाबी मीच घासलं व्हतं. तुझी आय म्हणत व्हती, वैनी, राहू द्या, गारठा लई हाय. मी म्हणलं, तू गप, तुला काय कळतंय मेंढ्यामागं फिरणारीला."

"आई सांगती की," रोहिणी म्हणाली. "म्हणती, असली बोंबलली व्हतीस की मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. पण त्याच्या म्होरलं बी सांगती ती. त्या वक्ताला आमच्या पालाकडं गावातलं कुणी फिरकत न्हवतं. एकटी बाळंतीण, पाणी तापवाया भांडं न्हाई. तुमी डोक्यावर गरम पाण्याचा हंडा घेऊन रानात आला. मावशी, मी हाय न्हवं तुमच्या म्होरं बसलेली, धडधाकट? तुमाला जे ठावं व्हतं ते तुमी केलं. आता दुसरं ठावं झालं."

बयाबाईनं नाक पदराला पुसलं. मग तिला खरी भीती आठवली.

"दसऱ्याच्या आत न्हाई हटला ढेकूण, तर सुदर्शन पोरीला शिनोलीला धाडणार. तिथं कोण हाय तिचं करणारं? ही माझीच करणी. ह्येला काय इलाज?"

इलाज होता, पण चिकाटीचा. पलीकडच्या ओळींत भुंगेऱ्याची पोरं शाबूत होती. ती असलेली पानं देठासकट खुडायची आणि धुतलेल्या झाडांवर नेऊन अडकवायची. मात्र पोरांच्या अंगाला हात लागता कामा नये, नाहीतर मेण बोटांवर येणार. आणि मुंगळे चढू नयेत म्हणून खोडांना कापडाच्या पट्ट्या बांधून त्यांना ग्रीस लावायचं.

रात्री जेवताना बयाबाईनं आपणहून सगळं सांगितलं. सुदर्शननं ताट बाजूला सरकवलं. "आई, इचारायचं तरी व्हतं गं एकदा," एवढंच तो म्हणाला, पण ते तिला शिवीपेक्षा लागलं. समृद्धी मात्र सासूकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "माझा राग झाडांवर काढला ना, आत्या?"

"तुझा न्हाई, त्या सिस्टरचा," बयाबाई म्हणाली, आणि तिघांनाही हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून बयाबाईनं बाहेरची सगळी कामं बंद केली. धोतराची जी मऊ फडकी तिनं नातवंडाचं अंग पुसायला कापली होती, त्यांतल्याच चार-पाचांच्या पट्ट्या फाडून खोडांना बांधल्या. मग पानं. ताज्या जन्मलेल्या पोराची मान धरायची सवय असलेली ती बोटं देठ अलगद मोडायची, पान सुपात ठेवायची, सूप न हलवता शंभर पावलं चालायची. वाऱ्यानं एखादं पोर कलंडलं तर ती थांबून ते स्वतःहून सरळ होईपर्यंत वाट बघायची. बोट पुढं करायचा मोह व्हायचा, पण ती दुसऱ्या हातानं ते बोट धरून ठेवायची. पहिल्या दिवशी चाळीस पानं झाली. समृद्धी सावलीत खुर्ची टाकून बसायची आणि कुठल्या झाडावर किती अडकवली ते सांगायची.

घटस्थापनेच्या सुमारास विहिरीकडच्या झाडांवर पुन्हा लांब वाती दिसू लागल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुदर्शन सगळ्या ओळींतून फिरून आला. फळांच्या डोळ्यांमध्ये पांढरं उरलं होतं, पण बहुतेक ढेकणांच्या नुसत्या रिकाम्या पिशव्या, आणि पानोपानी तांबूस डोक्याचे नवे भुंगेरे. सात-आठ झाडांची फळं काळी पडून गेली, ती गेलीच. त्यानं दसऱ्याला हत्यारं पुजताना पत्र्यावरचा पंप खाली काढला, पुसला, हळदकुंकू लावलं आणि परत पत्र्यावर टाकला. बयाबाईनं देवापुढं जरा जास्त वेळ हात जोडले.

कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मंचरला समृद्धीला मुलगी झाली. सिस्टरनं बाळ आईच्या छातीवर पालथं ठेवलं होतं, तसंच पांढरं, वर मऊ चादर टाकून. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई, लंकाबाई, मान पुढं करून बघत म्हणाली, "अवो बाई, पोरगी पिठात लोळवल्यागत दिसती की. पुसा तरी."

"हात लावायचा न्हाई," बयाबाई इतक्या जोरात म्हणाली की दारातली सिस्टर वळून बघायला लागली. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं, "आयनं दिलंय ते."

पाचवीच्या दिवशी घरी न्हाणीत पाणी तापलं. समृद्धी पाटाशेजारी स्टुलावर बसली होती. बयाबाईनं तिच्याकडं बघून विचारलं, "घालू का?" पस्तीस वर्षांत असं तिनं एकाही आईला विचारलं नव्हतं.

"तुमीच घाला," समृद्धी म्हणाली. "मी कुणाकडनं शिकणार?"

बयाबाईनं पाय लांब सोडले आणि नातीला नडग्यांवर घेतलं. डाळीचं पीठ नव्हतं, कणकेचा गोळा नव्हता, नुसतं कोमट पाणी. पांढरं कधीच अंगात जिरून गेलं होतं आणि कातडी लोण्यासारखी मऊ लागत होती. घासायला काही नव्हतंच. पोर रडलंसुद्धा नाही. आपल्या पायांवर न रडणारं पोर बयाबाई पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला क्षणभर करमेचना.

शेवटी सवयीनं तिचा अंगठा कानामागं गेला. तिथल्या वळीत पांढरं उरलं होतं, तिळाएवढं. अंगठा टेकला. मग तिनं तो उचलून घेतला आणि तिथून नुसतं पाणी ओघळू दिलं.

समृद्धी वाकून बघत होती. "आत्या, कानामागं थोडं राहिलंय."

"राहिलं न्हाई, ठिवलंय," बयाबाई म्हणाली. तिनं पोरीला फडक्यात गुंडाळलं आणि समृद्धीच्या मांडीवर दिलं. "तुझं हाय ते. तिला असू दे."

समृद्धीनं कानामागचा तो ठिपका बघितला, आणि आईविना बाळंतीण झालेली ती पोर पहिल्यांदा मोकळेपणी रडली. बयाबाई पाटावरून उठली नाही. तिनं ओल्या हातानं तिचंही डोकं जवळ ओढून घेतलं.